तासन्‌तास बसून राहण्याची सवय मोडताना: काय मोजायचं, कधी उठायचं, खुर्ची कशी लावायची

सकाळी पाऊण तास भरभर चालून आलेल्या माणसाला आपला दिवसभराचा व्यायाम उरकला असं वाटतं. मग तो न्याहारीला बसतो, प्रवासात बसतो, कामाला बसतो, जेवायला बसतो आणि रात्री पडद्यासमोर ठाण मांडतो. जागेपणीचे सोळा तास धरले तर त्यातले दहा तास बैठकीत सहज जातात. चालण्याचा फायदा त्याला मिळतोच, पण मांड्या आणि पोटऱ्यांच्या स्नायूंचा विचार केला तर त्यांचा बहुतेक दिवस काम न करता गेलेला असतो. हा लेख त्या उरलेल्या दिवसाबद्दल आहे. दिवसात एकूण किती तास बसता ते पुढे कधीतरी बघू. एकदा बसल्यावर न उठता किती वेळ बसून राहता, तिथून सुरुवात करायला हवी. नोकरीमुळे एकूण तास चटकन कमी करता येत नाहीत. सलग बैठक मात्र आजच तोडता येते.

आधी शरीरात काय घडतं ते समजून घेऊ

शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू कमरेखाली आहेत: नितंब, मांड्या, पोटऱ्या. आपण खुर्चीत टेकलो की हे जवळजवळ बंद पडतात. चालू स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्याला त्यासाठी इन्सुलिनवर पूर्णपणे अवलंबून राहावं लागत नाही. तोच स्नायू निपचित असेल तर जेवणानंतरची साखर रक्तात जास्त वेळ रेंगाळते आणि स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडावं लागतं. रक्तातली चरबी स्नायूंकडे वळवणारं एक एन्झाइमही स्नायू हलेनासे झाले की मंदावतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

दुसरी गोष्ट रक्ताभिसरणाची. पायांतलं रक्त वर हृदयाकडे चढवायला पोटऱ्यांचा मोठा हातभार लागतो. पोटरी आखडते तेव्हा शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं; शिरांमधल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. पाय तासभर हलले नाहीत की हे काम थांबतं. संध्याकाळी पायमोज्यांचे वळ उमटतात, चपला घट्ट होतात, ते यामुळेच. पायांच्या धमन्यांचा लवचीकपणाही काही तासांच्या सलग बैठकीत तात्पुरता घटतो, आणि मधेमधे पाय हलवले तर ती घट बरीचशी टळते.

मणक्यांमधल्या चकत्यांना मोठ्या वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. पोषण आजूबाजूने झिरपून येतं आणि त्यांच्यावरचा दाब बदलता राहिलेला त्यांना मानवतो. एकाच ठेवणीत अडकून राहिलो की कंबर धरते, मग ती ठेवण कितीही ‘आदर्श’ असो.

या विषयावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास लंडनमधला आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली दाखवलं, की दुमजली बसच्या चालकांपेक्षा दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पुढे त्यांनीच गणवेशांची मापं तपासली, तेव्हा चालक तरुण वयातही कमरेने जाड असल्याचं आढळलं. म्हणजे सगळा दोष आसनाला देता येत नाही, आणि ही जाण ठेवूनच असे अभ्यास वाचायला हवेत. पण त्यानंतरच्या कितीतरी मोठ्या अभ्यासांचं बोट त्याच दिशेला गेलं आहे.

मला स्वतःला त्याहून बोलका वाटतो तो टांझानियातल्या हादझा लोकांवरचा, २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणारे हे लोकही दिवसाचे नऊ-दहा तास विश्रांतीच्या स्थितीतच घालवतात, आपल्याइतकेच. पण त्यातला बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यांवर बसतात, आणि तसं बसताना पायांचे स्नायू थोडे का होईना, काम करत राहतात. उरलेल्या वेळात ते भरपूर चालतातही. विश्रांती शरीराला वर्ज्य नाही. स्नायू पूर्ण सैल सोडून तासन्‌तास टेकून राहणं त्याला झेपत नाही.

पहिली पायरी: दोन दिवस नोंद ठेवा

एक कामाचा दिवस घ्या आणि एक सुट्टीचा. कागदावर फक्त बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहा. प्रवास, जेवण, फोनवर लोळणं, सगळं धरा. पलंगावर उशीला टेकून पडणंही बैठकीतच मोजायचं. घड्याळातलं किंवा फोनमधलं पावलं मोजणारं यंत्र इथे फारसं उपयोगी नाही, कारण ते पावलं सांगतं, त्यांच्यामधली शांतता सांगत नाही.

मग सगळ्यात लांब तीन बैठका शोधून त्यांच्याभोवती गोल करा. बहुतेकांना आश्चर्य वाटतं ते इथे. कामाची बैठक लांब असेलच असं नाही, कारण तिथे कुणी ना कुणी हाक मारतं, चहा-पाणी होतं. रात्रीची पडद्यासमोरची बैठक अनेकदा सगळ्यात लांब आणि सगळ्यात निश्चल निघते, शिवाय ती जेवणानंतर लगेच येते. सुट्टीच्या दिवसाचा कागद तर हमखास जास्त वाईट असतो.

दुसरी पायरी: लांब बैठक तोडा

सुरुवात त्या तीन बैठकांपासूनच करा, दिवसभर एकदम नको. साधारण अर्ध्या तासाने उठायचं आणि दोन ते पाच मिनिटं हालचाल करायची. हा आकडा दगडावरची रेघ नाही, पण त्याला आधार आहे. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी वजन जास्त असलेल्या प्रौढांना एकदा सलग पाच तास बसवलं आणि एकदा दर २० मिनिटांनी २ मिनिटं चालवलं. चालण्याच्या दिवशी जेवणानंतरची साखरेची वाढ सुमारे पाव भागाने कमी झाली. सावकाश चाललं तरी फायदा झाला, म्हणजे घामाघूम होण्याची गरज नाही.

नुसतं उभं राहून परत बसणं काहीच न करण्यापेक्षा बरं, पण चालण्याचा परिणाम त्याहून ठळक असतो. चालायला जागाच नसेल तर उभ्या उभ्या टाचा वीस वेळा उचला आणि सावकाश टेका. किंवा खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठा-बसा. हा दुसरा प्रकार मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मांड्या आणि नितंब, दोन्ही कामाला लागतात, साधन लागत नाही, आणि म्हातारपणी जी ताकद सगळ्यात आधी हवी असते तीच इथे कमावली जाते. गुडघे कुरकुरत असतील तर आसनावर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा आणि पाच वेळांपासून सुरुवात करा.

गजर लावायचा का? पहिला आठवडा लावा, हरकत नाही. पण गजराची चीड येते आणि कामाच्या मधोमध वाजला तर हात आपोआप तो बंद करतो. त्यापेक्षा उठण्याची गाठ रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीशी मारा:

- फोन वाजला की उठायचं, बोलणं चालता चालता.
- पाण्याची मोठी बाटली जवळ ठेवायची नाही. पेला ठेवायचा आणि तो रिकामा झाला की भरायला जायचं.
- मालिकेचा एक भाग संपला की पुढचा आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवायची. रिमोट पडद्याजवळ ठेवायचा.
- लांबलचक मीटिंग असेल तर आधीच सांगून ठेवायचं, की मी मधे थोडा वेळ मागे उभा राहून ऐकेन. एकाने सुरुवात केली की इतरही उठतात.

एकाग्रता मोडते, ही रास्त तक्रार आहे. लिहिताना, हिशेब करताना, कोड लिहिताना विचारांची साखळी तुटली की परत जुळवायला वेळ लागतो. तिथे घड्याळ बघू नका. परिच्छेद संपला, बेरीज जुळली, अशा नैसर्गिक थांब्यावर उठा. कधी पन्नास मिनिटं होतील, कधी वीस. पण उठण्याआधी पुढचं वाक्य काय लिहायचं ते दोन शब्दांत खरडून ठेवा, परतल्यावर धागा लगेच सापडतो.

तिसरी पायरी: जेवणानंतरची दहा मिनिटं

दिवसात एकच बदल करायचा असेल तर हा करा. जेवून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं सावकाश फेरी मारायची, शक्य तर तिन्ही जेवणांनंतर, निदान रात्रीच्या. टाइप २ मधुमेह असलेल्यांवर न्यूझीलंडमध्ये झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवसातून कधीतरी सलग ३० मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर जास्त उतरली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक सगळ्यात मोठा होता, कारण एरवी ते जेवण झालं की आपण हलतच नाही. इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा बदल डॉक्टरांना सांगून करावा आणि चक्कर, थरथर, घाम याकडे लक्ष ठेवावं.

चौथी पायरी: बसण्याची जागा नीट लावा

ही पायरी मुद्दाम चौथी ठेवली आहे. बहुतेक लोक इथून सुरू करतात, महाग खुर्ची आणतात आणि ती आरामशीर असल्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त वेळ बसतात. खुर्ची हे दुय्यम साधन आहे. पण जितका वेळ बसायचं आहे तितका तरी अंगाला त्रास न होता जावा, म्हणून पुढच्या गोष्टी खालून वर क्रमाने तपासा.

पाय. तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. गुडघे कमरेच्या पातळीत किंवा किंचित खाली. खुर्ची खाली जात नसेल आणि पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट, ठोकळा किंवा जाड पुस्तकं ठेवा. लोंबकळत्या पायांमुळे आसनाची कड मांडीखाली रुतते आणि मुंग्या येतात.

आसन. मागे सरकून पाठ टेकवल्यावर आसनाची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जागा राहायला हवी. राहत नसेल तर पाठीमागे उशी द्या. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. त्यावर बसल्याने कटी तिरपी होते आणि नितंबातून जाणारी नस दाबली जाऊ शकते.

कंबर. कमरेच्या नैसर्गिक बाकात छोटा टॉवेल गुंडाळून ठेवला तर पोक काढून बसण्याची ओढ कमी होते. पाठ काठीसारखी ताठ ठेवण्याचा अट्टहास मात्र सोडा. किंचित मागे रेललेली पाठ मणक्यांना ताठ बसण्यापेक्षा हलकी पडते.

हात. कोपर अंगाजवळ, साधारण काटकोनात, खांदे सैल. कळफलक उंचावर असेल तर खांदे नकळत कानांकडे चढतात आणि संध्याकाळी मान आखडते. माऊस हात न ताणता पोचेल इतका जवळ हवा.

पडदा. हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा थोडी खाली. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर पडदा आणखी खाली घ्या, नाहीतर खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर करून मान दुखवून घ्याल. लॅपटॉपची मुळातली अडचण अशी, की पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले आहेत: हात नीट ठेवले तर मान झुकते, मान नीट ठेवली तर हात चढतात. तासभराहून जास्त काम असेल तर लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर चढवा आणि वेगळा कळफलक, वेगळा माऊस जोडा. या विषयातला हा सगळ्यात वसूल होणारा खर्च आहे.

फोन बघताना कोपर टेबलावर किंवा उशीवर टेकून फोन वर आणा. मानेला तो कितीही प्रेमाने खाली बोलावत असला, तरी मान झुकवून अर्धा तास काढू नका. डोळ्यांसाठी दर वीसेक मिनिटांनी काही क्षण लांब बघा आणि पापण्या मिटा.

उभ्याने काम करण्याचं टेबल घ्यावं का, असं हल्ली पुष्कळ जण विचारतात. वजन उतरवण्यासाठी घेणार असाल तर नको. ६५ किलोच्या माणसाने रोज सहा तास बसण्याऐवजी उभं राहिलं तर जेमतेम ५४ कॅलरी जास्त खर्च होतात, असा अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब आहे. तासन्‌तास उभं राहणाऱ्यांच्या पायांना सूज, फुगलेल्या शिरा आणि कंबरदुखीचा त्रास होतोच. उंची बदलणारं टेबल आयतं मिळालं तर अर्धा तास बसून, वीस मिनिटं उभं राहून काम करा. एक पाय ठोकळ्यावर ठेवा आणि पाय बदलत राहा. न मिळालं तर काही बिघडत नाही.

पाचवी पायरी: जमिनीवर बसा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उठा

जमिनीवर बसलेला माणूस स्वस्थ राहूच शकत नाही. मांडी घालतो, एक पाय सोडतो, गुडघा उभा करतो, हातावर रेलतो. ही सततची चाळवाचाळव नितंबाच्या आणि घोट्याच्या सांध्यांना पूर्ण फिरवते. खुर्चीत हे होत नाही. म्हणून रात्री वाचताना, कपड्यांच्या घड्या घालताना, मुलांशी खेळताना पंधरा-वीस मिनिटं जमिनीवर घालवा. मांडी घातल्यावर गुडघे कमरेच्या वर राहत असतील तर बुडाखाली चार बोटं जाडीची घडी घ्या.

जमिनीवरून उठता येण्यात ताकद, तोल आणि लवचीकपणा तिन्ही तपासले जातात. ब्राझीलमधल्या संशोधकांनी याचीच चाचणी केली. बसायला पाच आणि उठायला पाच गुण. हात, कोपर किंवा गुडघा टेकला की दर वेळी एक गुण वजा, तोल गेला तर अर्धा. ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांवरचे त्यांचे निष्कर्ष २०१२ साली आले: कमी गुणांच्या लोकांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. हा निकाल म्हणजे भविष्य नव्हे, कारण कमी गुणांमागे आजारपणही असतं. पण स्वतःची स्थिती कळायला चाचणी चांगली आहे. करताना शेजारी कुणाला तरी उभं करा, आणि गुडघ्याची झीज, सांधेबदल किंवा तोल जाण्याचा त्रास असेल तर करू नका.

सहावी पायरी: व्यायामाची जागा व्यायामालाच

बैठक तोडली म्हणून व्यायाम टळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोमदार हालचाल करावी आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. पूर्वी एका वेळी किमान दहा मिनिटं हवीत अशी अट होती, ती आता नाही. जिन्याचे दोन मजलेही हिशेबात धरले जातात.

ज्यांची बैठक कमी होणं शक्यच नाही त्यांच्यासाठी एक दिलासा आहे. दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून २०१६ साली झालेल्या विश्लेषणात, रोज ६० ते ७५ मिनिटं मध्यम हालचाल करणाऱ्यांमध्ये आठ तासांहून जास्त बसण्याशी जोडलेला मृत्यूचा वाढीव धोका उरला नाही. मात्र रोज पाच तास किंवा जास्त टीव्ही बघणाऱ्यांचा धोका तेवढ्या व्यायामानेही पूर्ण पुसला गेला नाही. रोजची १०,००० पावलं हे शास्त्राने ठरवलेलं प्रमाण नाही. १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये विक्रीला आलेल्या पाऊलमापकाच्या नावातून तो आकडा जगभर पसरला. वयस्कर स्त्रियांवरच्या एका मोठ्या अभ्यासात साधारण ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसला आणि ७,५०० च्या आसपास तो स्थिरावला.

ज्यांना उठताच येत नाही

वाहनचालकांनी सिग्नलवर नव्हे, गाडी बाजूला लावून उतरावं. दोन तासांच्या आत एकदा खाली उतरून गाडीभोवती चार फेऱ्या पुरतात. विमान, बस, रेल्वेच्या चार तासांहून लांब प्रवासात पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मुळात तो कमी असतो, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. पण गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या किंवा पूर्वी झालेली गुठळी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. बसल्या जागी दर अर्ध्या तासाने टाचा टेकवून चवडे उचला, मग चवडे टेकवून टाचा उचला, तीस-तीस वेळा.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांना हाच नियम हातांनी पाळता येतो: हात गोलाकार फिरवणं, रबरी पट्टा ओढणं. त्यांच्यासाठी दर पंधरा ते तीस मिनिटांनी बूड उचलणं किंवा पुढे-बाजूला झुकून दाब हलवणं जास्त निकडीचं आहे, कारण बसण्याच्या जखमा लवकर होतात आणि उशिरा भरतात.

घरातल्या वयस्कर माणसांच्या बाबतीत प्रेमापोटी एक चूक फार होते. ‘तुम्ही बसा, मी आणते,’ असं म्हणून आपण त्यांचं दिवसातलं सगळं उठणं-बसणं काढून घेतो. अंथरुणाला खिळल्यावर शरीर किती वेगाने खचतं हे १९६६ साली डलासमध्ये दिसलं. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे झोपवून ठेवलं, तेव्हा त्यांची श्रम करण्याची क्षमता इतकी घसरली, की पुढे तीस वर्षांच्या वयवाढीनेही तेवढी घसरली नाही. म्हाताऱ्या माणसांकडे गमवायला इतकी शिल्लक नसते. पेला त्यांना आणू द्या. दार त्यांना उघडू द्या. वाटेतल्या सतरंज्या उचला, आधाराला दांडी बसवा, उजेड वाढवा आणि मग हलू द्या. ६५ वर्षांपुढे आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद, दोन्हींचा व्यायाम हवा. ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहणं ही त्याची सोपी सुरुवात.

डॉक्टरकडे कधी

साधी कंबरदुखी हलत राहिल्याने बरी होते; तिच्यासाठी दिवसच्या दिवस पडून राहू नका. मात्र पुढच्या गोष्टींना सवयीचा दोष समजून थांबू नका. एकाच पोटरीला सूज, दुखणं, उष्णता किंवा लाली. त्यासोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर ताबडतोब रुग्णालय. कंबरदुखीबरोबर मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं किंवा पाय लुळा पडणं, यातही तास दवडायचे नाहीत. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप किंवा कारणाशिवाय उतरणारं वजन असेल तर त्याच आठवड्यात तपासून घ्या. हृदयविकार असेल किंवा चालताना छाती भरून येत असेल तर जोमदार व्यायाम तपासणीनंतरच.

हे सगळं एकाच दिवशी सुरू करू नका. पहिल्या आठवड्यात फक्त नोंद आणि रात्रीच्या जेवणानंतरची फेरी. दुसऱ्या आठवड्यात गोल केलेल्या तीन बैठकांमधली सगळ्यात लांब बैठक तोडा. तिसऱ्यात खुर्ची आणि पडदा लावा. चौथ्यात उठा-बशा दिवसातून तीनदा करा आणि पुन्हा दोन दिवस नोंद ठेवून पहिल्या कागदाशी ताडून बघा. एकूण तास फारसे बदललेले नसतील. सगळ्यात लांब बैठक अर्ध्यावर आली असेल तर पुढचा महिना बाकीच्या दोन बैठकांना द्या.